रविवारची शर्यत

गुरुवार, १४ सप्टेंबर
होड्यांच्या शर्यतीत लहान पल्ल्याला दुसऱ्या आलो! ताहितीच्या पोरींच्या मागे फक्त चार सेकंद. सुकाणूचं वल्हं मारून खांदा भरून आलाय. सहाजणींत मीच थोरली – चौतीस. "म्हातारे, होडी काय सरळ नेलीस गं!" – पुढे बसणारी न्गावाइने ओरडली. आता शनिवारी लांब पल्ला. सोनं तिथेच आहे.

शुक्रवार, १५
दक्षिणेचा वारा सुटलाय. प्रवाळाच्या भिंतीबाहेर लाटा घराएवढ्या. उद्याची शर्यत पुढे ढकलली – रविवारी! सोमवारी पाहुण्या संघांची परतीची विमानं आहेत ना.
पापांनी ताटातल्या तारोच्या कंदाला हात लावला नाही. एकच वाक्य बोलले, "आपल्या घरातलं वल्हं रविवारी, प्रभूच्या दिवशी, पाण्यात जात नाही."
मी जेवले. पोटभर.

शनिवार, १६
सगळं गाव पापांच्या बाजूने. मी तीन वर्षांची असताना त्यांनी रविवारची शर्यत सोडली होती. संघ किनाऱ्यावर बसून राहिला आणि पापा पांढरा कोट घालून चर्चला गेले. त्यावरच पुढे चर्चचे सेवक, डीकन झाले. पाद्रीबुवा दरवर्षी तो किस्सा सांगतात आणि बायका डोळे पुसतात. मीसुद्धा पुसलेत.
दुकानात तेउपोको मामीने गाठलं, "बापाचं नाक कापतेस काय गं?"
"नाक त्यांचं, हात माझे!"
तोंडून निघून गेलं. बरं झालं! सुकाणूला दुसरी कुणी नाही. मी नाही बसले तर पाचजणींची वर्षाची मेहनत वाया. देवाला ते आवडेल का?
संध्याकाळी उलांडी, होडीचा तोल सांभाळणारं बाजूचं लाकूड, मीच दोरीने होडीला बांधली. घरी आले तर पापा दारात.
"उद्या तुझ्यासाठी प्रार्थना करणार नाही."
"नका करू!"
मग न्हाणीत जाऊन रडले. पण जाणार म्हणजे जाणार.

रविवार, १७ – सकाळी सहा
होडीपाशी बसून लिहितेय. लाटा अजून मोठ्याच आहेत. मघाशी पापा आले होते, चर्चचा कोट घालून. उलांडीच्या गाठी एकेक चाचपल्या. एक सोडली, गुडघा टेकवून परत आवळली. रविवारी! माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वर्षी रविवार नुसतं निमित्त होतं, पोरी. मी लाटांना घाबरलो होतो."