मडक्यात पुरलेला सातबारा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की आवाज अजून बारीक होतो. कालपासून तुमचं मराठी शास्त्र उघडून बसले आहे. संदेष्ट्यांच्या पानांच्या कडा तुमच्या बोटांनी काळ्या झाल्यात. तुम्ही सरकारी मोजणीदार. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पालघरच्या घरी यायचात, साखळी आणि खुंट्या पडवीत ठेवून हातपाय धुवायचात. आई गेल्यापासून शब्बाथचा, आपल्या विश्रामदिवसाचा, दिवा मी लावायचे. भिजवलेल्या मनुकांच्या रसाचा पेला फिरायचा, जेवणं व्हायची आणि मग तुम्ही वाचायला बसायचात. राष्ट्र चुकलं, देवानं न्याय केला, जेरुसलेम पडलं, माणसं कैद करून बाबेलला नेली, आणि तोच देव त्यांना परत आणणार. तुमचा सगळा जीव त्या ‘परत’मध्ये होता. आपण बेने इस्रायल, गलबत फुटून या किनाऱ्याला लागलेले यहुदी. ते वचन आपल्यालाही आहे, असं तुम्ही इतक्या सहज म्हणायचात, जणू बदलीचा हुकूम टपालात पडलाय आणि एकदोन दिवसांत हाती येईल.

१९६० नंतरची ती वर्षं. मी तारापूरच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका गावात मास्तरीण होते, आणि त्याच गावची जमीन सरकारी बांधकामासाठी मोजायला तुम्हाला पाठवलं. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तुम्ही दिसायचात. पोरं खिडकीशी गर्दी करून म्हणायची, “बाय, तुमचा बा आला.” त्यांच्या घरांमधून साखळी ओढली जात होती आणि मी फळ्यावर पाढे लिहीत होते. गावात एक विधवा होती, नारळाच्या लहानशा वाडीची मालकीण. सगळे तिला मावशी म्हणायचे, तुम्हीही. आपल्या घरी मलिदा, नवसाचे गोड पोहे, असला की नारळ तिच्याच वाडीचे यायचे. तुम्ही तिची वाडी मोजलीत त्या दुपारी ती तुमच्यासाठी शहाळं घेऊन शाळेच्या ओट्यावर आली. अजून मला ती तिथे बसलेली दिसते. पदरानं मान पुसतेय, तुमच्या नकाशाकडे बघतेय.

“सायेब, यात माजी वाडी कंची?”

तुम्ही बोट ठेवता. ती वाकून बघते आणि म्हणते, “एवडीशीच हाय?”

तेव्हा तुम्हाला राहवलं नाही. तुम्ही तिला आपल्या लोकांची गोष्ट सांगितलीत, देश कसा गेला आणि परत आणायचं वचन कसं मिळालं. ती मन लावून ऐकत होती. मग तिनं विचारलं, “त्यांनी पाप केलां, म्हून देवानं हाकलला. आमी काय केलां?”

तुम्ही शहाळं खाली ठेवलंत. मग तुम्ही दुसरी गोष्ट काढलीत. शहराला वेढा पडलेला, सगळं जाणार हे ठाऊक असलेला एक संदेष्टा कैदेत बसून शेत विकत घेतो आणि त्याचा कागद मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगतो. का, तर या देशात पुन्हा घरं होतील, शेतं होतील, मळे होतील.

“कवा?”

“सत्तर वर्षांनी, मावशी.”

ती हसली. “तवा माजी हाडां तरी राहतील काय?” सुकी हाडं पुन्हा जिवंत होतात, अशी हाडांचीही एक गोष्ट तुम्हाला पाठ होती. पण त्या दिवशी तुम्ही ती सांगितली नाहीत.

गाव उठलं त्या सकाळी तिनं आपला सातबारा मडक्यात घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि वाडीत पुरला. मी तिथे होते. घरी येऊन मी तुम्हाला म्हणाले, “तुम्ही तिला खोटी आशा लावलीत.” तुम्ही कधी नव्हे ते कडाडलात, “मास्तरीण झालीस म्हणून माझ्या शास्त्रावर लाल रेघ ओढू नकोस!” बरोबर मीच होते बाबा, पण त्याचा आनंद मला एक दिवसही झाला नाही.

नवी वस्ती आत, खडकाळ माळावर बसली. समुद्र दिसत नव्हता आणि नारळ धरत नव्हता. शाळा पत्र्याची, तिथेही मीच. जुन्या गावाभोवती उंच भिंत आली. मावशी अधूनमधून शाळेच्या दाराशी यायची. “तुज्या बापाला इचार गो, किती वर्सां झाली?” मी बोटांवर मोजल्यासारखं करायचे. शेवटचं विचारलं तेव्हा चार झाली होती.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि काकांचं पत्र आलं. ते आधीच तिकडे, इस्रायलला, गेले होते, आता भावालाही बोलावत होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते खरं होत होतं. मी येणार नाही म्हणाले, नोकरीचं कारण पुढे केलं. तुम्ही एकट्यानं जायचं ठरवलंत. ट्रंक भरली. निघायच्या आठवड्यात मलिद्याची थाळी घेऊन तुम्ही मावशीचा निरोप घ्यायला वस्तीत आलात. ती पत्र्याच्या सावलीत बसली होती, बरीच वाळली होती.

“मावशी, मी चाललो. आमच्या देशात.”

तिनं थाळीतला एक घास तोंडात टाकला, सावकाश चावला. “म्हंजे तुजा देव खरा निगाला,” ती म्हणाली. रागानं नाही. “बरां झालां. माजा कागद तेवडा काडून देशील काय जायच्या आदी? सत्तर वर्सां माज्यानं नाय होत.”

भिंतीच्या आत जायला तुम्हाला वाट नव्हती, तिलाही नव्हती. घरी आल्यावर ट्रंक उघडून एकेक सदरा परत कपाटात ठेवलात आणि काकांना कळवलंत की तब्येत साथ देत नाही. त्यानंतर शुक्रवारी दिवा लागायचा, पेला फिरायचा, पण संदेष्ट्यांची पानं तुम्ही पुन्हा उघडली नाहीत. पुढे तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा तुमच्यासाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागत होते, जमले सात. बाकीचे सगळे आपल्या त्या देशात परतले होते.

हे पत्र कुठल्याही पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या तीन वर्षांत मी शाळेतून आले की तुम्ही रोज विचारायचात, “मावशी कशी आहे?” मी म्हणायचे, “बरी आहे.” बाबा, ती तुमच्या निरोपानंतर दोन महिन्यांतच गेली होती. मी लपवलं, आणि तुमच्या जिवाला लागेल म्हणून नाही. ती गेल्याचं कळलं असतं तर तुम्ही पुन्हा ट्रंक भरली असतीत, आणि पालघरच्या त्या घरात मी एकटी राहिले असते.