बिनमार्काच्या अटी

१५ ऑक्टोबर
शहागडला घराचा पाया भरला. तीस वर्षं पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत काढली, त्यात बायकोला, कौसल्याला, दमा. आता तिला ग्रीन बिल्डिंगचं, सर्टिफिकेटवालं घर. तेही साधं न्हाई, प्लॅटिनम. स्टाफरूममध्ये सांगूनच टाकलं.

१८ ऑक्टोबर
सर्टिफिकेटचं पुस्तक वाचलं. पेपरच आहे हा. पाण्याला मार्क, विजेला मार्क, झाडाला मार्क. बेरीज जास्त तितका दर्जा वरचा. काही अटींपुढं 'बंधनकारक' लिहिलंय, पण मार्क शून्य. स्कॉलरशिपच्या पोरांना बावीस वर्षं सांगतोय, बिनमार्काच्या प्रश्नावर वेळ घालवू नका. सोडून दिल्या.

३ डिसेंबर
सायकल स्टँड झाला. एक मार्क. उद्यापासून शाळेत सायकलवर.

४ डिसेंबर
सायकल अजून घ्यायची आहे. मोटारसायकलवर गेलो.

२० जानेवारी
कौसल्याचं एकच मागणं, स्वयंपाकघराला खिडकी. नेमकी पश्चिमेची भिंत! ऊन आत कमी आलं तर मार्क आहेत. खिडकीची जागा बुजवायला लावली. गवंडी बद्रीनाथ म्हणे, सर, ताईंना कोंडल्यासारखं होईन. त्याला काय कळतंय यातलं. कौसल्या दोन दिवस बोलली न्हाई. सर्टिफिकेट आल्यावर बोलेल.

२१ एप्रिल
राहायला आलो. कौसल्या सारखी खोकून राह्यली. रंगाचा वास म्हणावं तर रंग बिनवासाचा, दोन मार्कांचा. सिमेंट असेल.

९ मे, दुपारी
निकाल आला. अपात्र. जल्दी सर्टिफिकेटच्या ऑफिसला फोन लावला. माझ्या बेरजेनं चौऱ्याऐंशी होतात, असं ठणकावून सांगितलं. तिकडून मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, बंधनकारक म्हणजे पेपरला बसायची अट. हवेसाठी खिडक्याच पुरेशा न्हाईत. तुमचे मार्क आम्ही मोजलेच न्हाईत."
सुट्टी आहे, म्हणून स्टाफरूमच्या ग्रुपवर टाकलं, निकाल राखून ठेवलाय.

१२ मे
कौसल्या सुमेधाकडं पुण्याला निघाली. लेकीनं फोनवर बिलकुल वाद घातला न्हाई, गाडीची वेळ तेवढी विचारली. बॅग भरता भरता कौसल्या म्हणाली, "तुमचे मार्क होऊ द्या. मला श्वास घ्यायचाय."
चार दिवसांत येईल.

३० मे
आली न्हाई. भिंत फोडायला बद्रीनाथला बोलावलं, तो दिवाळीपर्यंत मोकळा न्हाई. फोनवर कौसल्याचा आवाज मोकळा वाटला. खोकली न्हाई एकदाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

२ जून
नवा अर्ज भरायला घेतला. यंदा बराबर भरायचा. पहिल्याच पानावर रकाना: घरात राहणाऱ्या व्यक्ती.
दोन लिहिलं. खोडलं. एक लिहिलं.