कोपऱ्यावर मेलेला एल्क (चारही पायांसह) व चर्चची शिडी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. शिकार निरीक्षक साहेब,
टॅनर काउंटी कार्यालय,
पेट्रोल पंपाच्या मागे, मु. डस्टी फोर्क, वायोमिंग.

अर्जदार : श्रीमती अर्डिथ हालवर्सन, वय ६८, धंदा घरकाम व शिकार, रा. सदर.

विषय : जप्त केलेला एल्क पूर्ण स्वरूपात व घडीची शिडी परत मिळणेबाबत, तसेच चोरट्या शिकारीचा आरोप काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपला जप्तीचा पंचनामा.
२) कोल्ड स्किलेट रँचच्या वकिलांचे पत्र, ज्यात माझा उल्लेख 'सराईत' असा केला आहे.
३) आपले फोनवरील "बघतो, बाई."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी व माझी थोरली बहीण लव्होन, दोघी विधवा, एकाच घरात राहतो. दुकानातले मांस आमच्या घरात आजवर आलेले नाही. दरवर्षी एक एल्क, म्हणजे सांबराचा थोरला भाऊच, मारायचा आणि त्यावर हिवाळा काढायचा, ही आमच्या आईपासूनची रीत आहे. यंदाचा एल्क आपल्या कार्यालयाच्या शीतपेटीत आहे व आमची शीतपेटी रिकामी आहे. परवाना एकाच एल्कचा असल्याने व हंगामही संपल्याने दुसरा मारता येत नाही. साहेब, एवढीच तक्रार आहे. बाकीचे सगळे तिचे शेपूट आहे, पण ते लांब आहे.

२. आमच्याकडची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे, हे आपण जाणताच. एक चौकोन सरकारचा, एक रँचचा. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यावर टेकतात आणि त्या कोपऱ्यावर मोजणीवाल्यांनी पितळी टोपीचा खुंट ठोकला आहे. पूर्वीचे मालक ऑर्विल यांच्या काळात कुंपणाच्या खांबावर चोकचेरी या रानफळाच्या मुरांब्याची बरणी ठेवली की परवानगी मिळाली असे समजत. नवे मालक दूरच्या शहरात राहतात व स्वतःच्या विमानाने येतात. त्यांनाही मी रीतसर बरणी ठेवली. उत्तरादाखल वकिलाची नोटीस आली. मुरांबा मात्र ठेवून घेतला, बरणीसुद्धा परत केली नाही. माणसाची पारख तिथेच झाली.

३. सबब, रँचच्या मातीला पाय लागू नये म्हणून मी चर्चची घडीची शिडी नेली. तिचे दोन पाय या सरकारी चौकोनात, दोन पाय पलीकडच्या सरकारी चौकोनात आणि मधोमध खुंट, अशी ती कोपऱ्यावर उभी केली. लव्होनने गुडघा दुखत असतानाही शिडी धरली. मी वरच्या पायरीवर असताना रँचचा पहारेकरी गाडीतून आला. सदर पहारेकरी रॉयस हा लव्होनचा एकुलता एक मुलगा आहे. म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सदर इसम म्हणाला, "मावशी, खाली उतर!"
मी म्हणाले, "कुठं उतरू? मधे उतरले तर तुझ्या साहेबाची जमीन."
"अगं, हवासुद्धा साहेबांचीच आहे! तू मागून किती बाहेर आली आहेस बघ जरा."
यावर लव्होन शिडी न सोडता म्हणाली, "मेल्या, जन्मलास तेव्हा पहिला श्वास कुणाला विचारून घेतला होतास रे?"
"आई, मी ड्युटीवर आहे."
"आणि मी शिडीवर आहे. गप बस."

अर्जदाराचा बैठकीचा भाग रँचच्या हवेत गेल्याची नोंद पंचनाम्यात असून त्याची रुंदीही लिहिली आहे. ती कमी करून लिहावी, अशी विनंती आहे. मी त्या दिवशी दोन विजारी घातल्या होत्या.

४. पलीकडे उतरल्यावर मी सरकारी चौकोनातच उभा असलेला एल्क एका गोळीत टिपला. रॉयसने तो दुर्बिणीतून पाहिला. शहाणे जनावर अशा वेळी डोंगराकडे पळते. हा थेट आमच्याकडे चालत आला, कोपऱ्यावर थबकला, पाय फाकून खुंटावर पोट टेकून बसला आणि मेला. असा मेलेला एल्क मी जन्मात पाहिला नाही. त्याचा उजवा पुढचा व डावा मागचा पाय सरकारी जमिनीत, डावा पुढचा व उजवा मागचा पाय रँचमध्ये पडला. रॉयसने मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, आपला अर्धा सोडायचा नाही. मग रॉयसने खांब रंगवायच्या नारिंगी रंगाने एल्कच्या पाठीवर फुली मारली. शेपटावरून मायलेकांत बराच वेळ वाद झाला. शेपूट वाऱ्याने या चौकोनातून त्या चौकोनात हलत होते.

५. त्यानंतर आपण आलात. टोपी काढून डोके खाजवलेत आणि "बाई, हे माझ्या पुस्तकात नाही" म्हणालात. मग अख्खा एल्क जप्त केलात. तिथवर ठीक. पण शिडीही 'गुन्ह्यातील हत्यार' म्हणून नेलीत! साहेब, शिडीने आजवर कुणी एल्क मारलेला नाही. ख्रिसमस तोंडावर आला आहे, चर्चमध्ये तारा लावायचा आहे, आणि पाद्रीबाबा दर रविवारी प्रवचन सोडून माझ्याकडे बघतात.

६. रँचच्या वकिलांचे म्हणणे असे की, सदर एल्क उन्हाळाभर मालकांचा लसूणघासाचा चारा खात होता, म्हणून त्याचे मांस मालकांचे. आता बोला! तोच एल्क आमच्या परसात येऊन कोबीचे गड्डे फस्त करत होता. मग कोबीचे मांस कुणाचे? आणि लसूणघासाचे मांस मालकांचे असेल तर त्याच्या लेंड्याही मालकांच्याच ठरतात. रोज सकाळी आमच्या अंगणात त्यांचा सडा पडलेला असे. त्या मी पोत्यात भरून ठेवल्या आहेत. मालकांनी विमान घेऊन यावे आणि आपली मालमत्ता उचलून न्यावी, असा आदेश व्हावा.

शिवाय अर्ज लिहिता लिहिता माझ्या असे लक्षात आले की, अख्ख्या एल्कचा परवाना माझ्याकडे आहे. अर्धा एल्क मालकांचा असेल, तर त्या अर्ध्याचा परवाना मालकांकडे कुठे आहे? मग विनापरवाना शिकार कुणाची झाली? याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मालकांना हे दोन पाय हवेच असतील, तर त्या दोन पायांचा दंडही त्यांनीच भरावा.

७. साहेब, इथवर मी रीतीने लिहिले, पण मला राग आला आहे. लव्होन पोटच्या पोराशी बोलेनाशी झाली होती. ती चुलीपाशी बसून डोळे पुसायची आणि विचारले की कांदा चिरला म्हणायची. घरात कांदा नव्हता. रॉयस मात्र या रविवारीही जेवायला आला, कारण रँचवर त्याला रांधून घालणारे कुणी नाही. मी त्याला बिनमांसाच्या घेवड्याची वाटी दिली. त्याने चमचा घालून तळापर्यंत ढवळले.

"मावशी, यात मांस नाही?"
"आहे ना. तुझ्या साहेबाच्या अर्ध्यात आहे. तिथं पाय ठेवायची मला बंदी आहे."

त्याने वाटी संपवली, बाहेर गाडीकडे गेला आणि रँचची 'प्रवेश बंद' पाटी व नारिंगी रंग घेऊन आला. पाटीच्या मागच्या बाजूला त्याने स्वहस्ते लिहिले : "गोळी लागली तेव्हा एल्क सरकारी जमिनीत होता. मावशीचा पाय रँचच्या मातीला लागला नाही. मी बघितलं. रॉयस." रंग ओला असल्याने पाटी रात्रभर आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. तिचा डाग टेबलाला कायमचा पडला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तरी साहेबांनी वरील सर्व बाबींचा विचार करून चोरट्या शिकारीचा आरोप काढून टाकावा, एल्क चारही पायांसह व शेपटासह अर्जदाराच्या ताब्यात द्यावा आणि शिडी परस्पर पाद्रीबाबांकडे पोचती करावी.

आपली नम्र, पण भुकेली,
अर्डिथ हालवर्सन

ठिकाण : डस्टी फोर्क
तारीख : २० नोव्हेंबर

सोबत :
१. शिकार परवान्याची प्रत.
२. 'प्रवेश बंद' पाटी. मागची बाजू वाचावी.
३. चोकचेरी मुरांबा, एक बरणी. ही लाच नाही, इथली रीत आहे. बरणी परत पाठवावी.

ता. क. : अर्ज पाकिटात घालताना कळले की, पाटीच्या कारणावरून रॉयसला रँचवरून काढून टाकले आहे. तो गादी घेऊन आमच्याकडे राहायला आला आहे. लव्होन त्याच्याशी बोलू लागली असून आता थांबत नाही. सबब एल्कचा निर्णय तातडीने व्हावा. घरात खाणारी तोंडे तीन झाली आहेत, आणि त्यातले एक रॉयसचे आहे.