रिकामी पळते, भरली की बसते

३ मार्च, मंगळवार

इंजिनने पुन्हा दम सोडला! पाण्यात तरंगणाऱ्या तांबड्या बोयापाशीच, जिथे रविवारी सोडला होता. बंद पडत नाही, तेही एक वेळ परवडलं असतं. नुसतं घरघरतं, वेग अर्ध्यावर येतो आणि बोट म्हातारीसारखी चालायला लागते. मी एकटी असले की तेच इंजिन असं पळतं की केसांचा गुंता होतो. आठ माणसं बसवली की संपलं.

दहा दिवस उरलेत. तेराला बंदर कार्यालयातले साहेब चाचणी घेणार. आठ माणसं घेऊन पलीकडचा धक्का गाठायचा आणि परत यायचं, मध्ये वेग पडता कामा नये. पास झाले तर इस्पितळाच्या सकाळच्या पाळीची माणसं रोज माझ्या बोटीने जाणार. नाही झाले तर पुढची चाचणी सहा महिन्यांनी, तोवर त्यांनी बस लावलेली असेल. आणि मी बाईसाहेब झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी सोडून बसलेय!

बाबा मागच्या फळीवर होते, नेहमीसारखे — टोपी, हातात काही नाही, पायांशी पेट्रोलची टाकी. तीस वर्षं त्यांनीच चालवली ही बोट. डोळ्यांमुळे गेल्या वर्षी परवाना गेला आणि पुढचं चाक माझ्याकडे आलं. "आवाज उतरला," एवढंच म्हणाले. ते मलाही कळलं होतं!

४ मार्च

बघू मिस्त्री आला. काहीही विचारा, "बघू" म्हणतो, म्हणून हे नाव. प्लग काढले तर काळेकुट्ट! नवे घातले. मी एकटी बोयाला वळसा घालून आले — तीर! धक्क्यावर उतरून मिस्त्रीला मिठीच मारणार होते, त्याने पाना मध्ये धरला.

"झालं ना बरं?" मी विचारलं.

"बघू."

५ मार्च

नाही झालं. सातजण गोळा केले, आठवे बाबा. बोया आला आणि घर्रर्र... इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर मुद्दाम बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "पाळी सुरू व्हायच्या आत पोचवशील ना गं? का संपल्यावर?" सगळे हसले. बोटीत तोंड लपवायला जागा नसते.

६ मार्च

आज जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर! वर्तमानपत्र पसरून एकेक भाग काढला. धाकटीने कपाळाला हात लावला, "ताई, मी ताट काय मांडीवर घेऊ?" घे म्हटलं.

बाबांना बारीक भोकं दिसत नाहीत, पण बोटांना सगळं कळतं. "हे स्वच्छ आहे. हे नाही. फुंक." मी फुंकत होते. ते सांगत होते — कोणतं भोक मंद चालीचं, कोणतं पूर्ण वेगाचं, एकदा भर वाऱ्यात शर्टाच्या बाहीतून पेट्रोल गाळून कसे घरी आले होते. दुपारचे तीन वाजले तरी थांबेनात. मला आठवत नाही बाबा सलग इतकं कधी बोलले होते. मी आपली विचारत राहिले. मजा आली! इंजिन बिघडलंय हेच तासभर विसरले.

७ मार्च, शनिवार

वाळू!! काल अंथरुणावर पडल्यापडल्या सुचलं. माणसं रोज कुठून आणू? पोती भरली, आठ माणसांच्या वजनाची. बाबांच्या फळीवरही दोन पोती. बाबा धक्क्यावर उभे राहून कुरकुरत होते, "माझ्या जागेवर वाळू!" धाकटीने मोबाइलवर वेळ लावली.

जाताना चौदा मिनिटं, येताना चौदा. बोया आला, गेला, इंजिनने हूं की चूं केलं नाही! मी चाकावर हात आपटत ओरडत होते. जिंकलं!

धक्क्यावर बाबा म्हणाले, "पोती बोलत नाहीत. माणसं घेऊन बघ."

८ मार्च

माणसं घेऊन बघितलं. बोयापाशी मेलं.

म्हणजे पोत्यांना नेतं आणि माणसांना नेत नाही! वजन तेच, इंजिन तेच. हे इंजिन माणूसघाणं आहे. धाकटी म्हणाली, "मग पोतीच ने इस्पितळात. कामाला लाव." मला राग यायला हवा होता, पण मी इतकी हसले की पोट दुखलं. आणि हसता हसता अंगावर काटा आला — वजनाचा दोषच नाही! आठवडाभर मी चुकीच्या ठिकाणी शोधतेय!

९ मार्च

मिस्त्रीला पोत्यांची हकिकत सांगितली. पहिल्यांदाच "बघू"च्या पुढे दोन वाक्यं बोलला. टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत तो रबरी फुगा असतो ना, सुरू करताना हाताने दाबायचा — "पळताना त्याच्याकडे बघ. चपटा झाला तर अडथळा त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. नाही झाला तर पलीकडे."

हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं या माणसाला!

१० मार्च

चपटा! चपटा! चपटा! माणसं भरून निघालो, धाकटीला फुग्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. बोयापाशी किंचाळली, "ताई, पोळीसारखा झाला!" इंजिनला पेट्रोलच पोचत नाही. हळू चाललं तर थेंबथेंब पुरतं, पूर्ण वेगाला कमी पडतं. टाकीच्या झाकणातून हवा आत जात नसेल म्हणून झाकण सैल केलं, तरी तेच. राहिली फक्त दोन हात नळी. दोन हात! झोप कसली येतेय आता.

११ मार्च

सापडलं. पण कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथेच लिहिते.

चाक मिस्त्रीकडे दिलं आणि मी मागे, बाबांच्या समोर खाली बसले. नळी चटईखालून जाते. बोया जवळ आला. तिथे प्रवाह आडवा लागतो, बोट उसळते. बाबांनी पाय रोवले. उजवी टाच चटईवर, चटईखाली नळी. इंजिन घरघरलं. बोया मागे पडला, टाच सैल झाली, इंजिन सुटलं.

पोती पाय रोवत नाहीत!

मला नाचायचं होतं आणि हलताही येत नव्हतं. ज्या माणसाने मला इंजिन शिकवलं त्याला कसं सांगू, की बाबा, दोष तुमच्या पायाखाली आहे? परवाना गेला तेव्हा चार दिवस जेवले नव्हते. धक्क्यावर आल्यावर ठोकून दिलं, "टाकीच्या तोंडाशी कचरा होता."

"हं," बाबा म्हणाले. "असेल."

संध्याकाळी नळी जमिनीवरून उचलून बोटीच्या कडेने वर घेतली, पट्ट्या ठोकून घट्ट बसवली. "काय ठोकतेस?" बाबांनी विचारलं. फळी सैल झालीय म्हटलं. एका दिवसात दोन थापा!

१२ मार्च

सातजण आणि बाबा. जाताना चौदा, येताना साडेतेरा!! बोयापाशी मी मागे वळून बघितलं नाही. बाबांनी पाय रोवले असणारच, इंजिनला पत्ताही नाही. धाकटी फुग्याकडे बघून ओरडली, "टम्म!" मिस्त्रीने चक्क माझ्याशी हात मिळवला. उद्या.

१३ मार्च, शुक्रवार

पास! पास!! पास!!!

साहेब पुढे माझ्याशेजारी उभे, एक डोळा घड्याळावर. बोया आला, गेला, वेग तसाच. परत आलो तेव्हा साहेब म्हणाले, "इंजिन नवं घेतलंत का?" बावीस वर्षांचं आहे म्हटलं. कुणी सांभाळलं, विचारलं, तर मी मागे बोट दाखवलं. बाबांनी टोपी काढली.

परवाना घरी नेऊन बाबांना तीनदा वाचून दाखवला. चालक एक, प्रवासी आठ.

"आठच?" ते म्हणाले.

"आठच."

मग म्हणाले, चांगलं झालं. आणि आत जाऊन पडले. थकले असतील, उन्हात दोन फेऱ्या झाल्या.

१४ मार्च

इस्पितळाची यादी आली. सोमवारपासून, साडेसहाला. मोठ्या सिस्टरचं नाव सगळ्यात वर. मोजली — बरोब्बर आठ! एकही जागा रिकामी नाही! दिवसभर बोट घासली. धाकटी म्हणते मी तिच्याशी बोट सोडून दुसरं काही बोलतच नाही. काय बोलू? आहे का दुसरं काही?

१६ मार्च, सोमवार

साडेसहा. आठजण रांगेत उभे. बाबा आधीच येऊन आपल्या फळीवर बसलेले, धुतलेली टोपी घालून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: या आठांत बाबा नाहीत. मी तोंड उघडायच्या आत ते उठले, मोठ्या सिस्टरना हात देऊन आपल्या जागेवर बसवलं आणि धक्क्यावर चढले. दोर सोडताना माझ्या कानाशी वाकले. "नळी वर घेतलीस ते बरं केलंस. मला ठाऊक होतं, पण मी आपणहून काही पाय काढला नसता."

चौदा मिनिटांत पोचलो. वेग कुठेही पडला नाही. मी सबंध वाट रडत होते.