नेल्सनच्या सिनेमात मी मरते

ती. आल्डाताईस,

धाकट्या ओलिंडाचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. हे पत्र मी जिवंतपणी लिहिते आहे. असं मुद्दाम सांगायची वेळ माझ्यावर आली आहे, म्हणून सांगितलं. तुझे गुडघे कसे आहेत? गायी नीट दूध देतात ना? भावोजींचा खोकला अजून तसाच असेल तर त्यांना कान धरून डॉक्टरकडे ने, पुरुषांना खोकला म्हणजे दागिना वाटतो. इकडे जर्दाळूला यंदा बरा बहर आला आहे. बाकी सगळं क्षेम आहे, मी सोडून. मला काही झालेलं नाही, पण कधीही होईल अशी धास्ती पोटात बसली आहे, आणि ती आपल्या नेल्सनवर निघालेल्या सिनेमामुळे.

तू टरलॉकला गायींच्या घोळक्यात असतेस म्हणून तुला कल्पना नसेल, पण इथे सॅन होजेत ज्याने म्हणून एखादी कंपनी काढून नाव मिळवलं त्याच्यावर सिनेमा निघतोच. लग्न झालं की बारसं, तसं. नेल्सनच्या धंद्याला तू नेहमी नाक मुरडलंस (“आपलं माणूस कुठे आहे हे फोनवरच्या ठिपक्याला विचारायचं? हाक मारायला तोंड नाही का?” हे तुझंच वाक्य), पण अर्धं जग आज तो ठिपका बघून जेवायला वाढतं. तर त्याच्यावर सिनेमा निघाला. त्याने मला फोन करून सांगितलं, “आई, तू काही जाऊ नकोस, कंटाळवाणा आहे.” पोटच्या पोराने जाऊ नको म्हटल्यावर कोण घरी बसेल? मी शेजारच्या मर्नाला घेऊन दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमातली मी बारीक आहे. केस सोनेरी आहेत आणि मी हळू आवाजात बोलते. (इथे मर्ना फिस्सकन हसली. माझा मॅन्युएल देवाघरी गेला तो निम्मा बहिरा होऊन गेला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.) आम्हाला एक मोठं गॅरेज आहे, जे आम्हाला कधीच नव्हतं. एक पत्र्याचा आडोसा होता आणि त्यात तुमच्याकडून आणलेला मोडका ट्रॅक्टर. आणि मग, नेल्सन एवढासा असताना, मी स्वयंपाकघरात गोड पावाचं पीठ मळते आहे, खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे (सॅन होजेत बर्फ! फ्रीज उघडा राहिला तरच), आणि मी छातीवर हात ठेवते, परात घेऊन खाली कोसळते आणि मरते. पोरगं पिठाने भरलेल्या हातांनी मला हलवतं, “आई, कुठे आहेस?” म्हणतं, आणि पुढे मोठं होऊन त्याच प्रश्नावर कंपनी काढतं. सगळं थिएटर मुसमुसत होतं. मर्ना माझा हात हातात घेऊन रडत होती आणि म्हणाली, “ओलिंडा, किती गोड होतीस गं तू!” होतीस! मी तिच्या शेजारी बसून मक्याच्या लाह्या खात होते!

खरी गोष्ट तुला माहीत आहे. तो कॉलेजात गेल्यापासून मी त्याला दर तासाला फोन करायचे, “कुठे आहेस? जेवलास का? स्वेटर घातलास का?” त्याला कंटाळून त्याने ते ठिपक्याचं यंत्र बनवलं, की आईने बघावं आणि गप्प बसावं. पण कटकटीतून कंपनी निघाली हे पडद्यावर कसं दाखवणार? कटकटीला संगीत लावता येत नाही.

त्या दिवसापासून ताई, माझी पाचावर धारण बसली आहे. हसू नकोस. तू स्वतःला डोळ्यांनी मरताना बघितलं आहेस का? मी बघितलं आहे, चांगलं भिंतीएवढं मोठं. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. उंबऱ्यापर्यंत जायचे, ती फरशी दिसायची आणि मी मागे फिरायचे. कॉफी मर्नाकडे, जेवण ओट्यावर, म्हणजे पुढच्या दाराच्या पायरीवर बसून, गार सॉसेज आणि चीज. गोड पावाचं तर नाव काढलं नाही. चर्चमध्ये फादरना सांगितलं तर ते म्हणाले, “सिनेमाच तो, त्याला काय भ्यायचं?” पण आशीर्वाद देताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. बाजारात बायका मला बघून दचकतात. एकीने तर मला मिठी मारून सांगितलं की तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. तिला वाटलं, मी मेलेल्या बाईची बहीण! (म्हणजे तिला मी तू वाटले. तू कशी आहेस असंही तिने विचारलं. मी बरी आहे म्हणून सांगितलं.)

पण खरी भीती ही नाही. ती मी मर्नालाही सांगितली नाही, तुला सांगते. सिनेमा लागल्यापासून नेल्सन घरी आला नाही. दर रविवारी येणारं पोर. फोनवर त्याचा ठिपका मी रोज संध्याकाळी बघायचे, डोंगरावरच्या त्याच्या घरावर तो टेकला की मी दिवा घालवून झोपायचे. तो ठिपकाही दिसेनासा झाला. जगाला आपलं माणूस शोधून देणारा माझा पोरगा माझ्यापासूनच लपला. फोन केला तर “आई, कामात आहे, नंतर करतो.” नंतर म्हणजे काय गं? आणि सिनेमावाल्यांना त्याच्या सहीशिवाय एक ओळ लिहिता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हणजे मला मारलं ते त्यांनी नव्हे. माझ्या पोराने मला मारलं, स्वतःच्या सहीने. का? मी त्याला इतकी नकोशी झाले होते का? मनात असलेलंच त्याने लिहून दिलं का? ताई, मरणाला मी भ्याले ते भ्याले, पण ह्या विचाराला त्याहून जास्त भ्याले.

त्यात आपल्या उत्सवाच्या हॉलमध्ये, जिथे आपण दर वर्षी मटणाचं सूप वाढतो तिथेच, वाचनालयाने वादसभा ठेवली: असे सिनेमे खरं दाखवतात की खोटं? मर्ना म्हणाली चल. मी नाही म्हणाले. मर्ना म्हणाली, “तू नाही आलीस तर लोक म्हणतील, मेलीच आहे.” मग गेले. हिरवा कोट घालून, म्हणजे लांबूनही जिवंत दिसेन.

हॉलिस मास्तर अध्यक्ष होते (तेच, नेल्सनला गणितात नापास करणारे, आता सांगत फिरतात की मीच त्याला घडवलं). ते म्हणाले, सिनेमा ही बोधकथा असते, तिथे बर्फ पडला काय आणि ऊन पडलं काय, अर्थ पोचला म्हणजे झालं. त्यावर ट्रॅन नावाचा एक तरणा इंजिनिअर उसळून उठला. म्हणाला, “अर्थ कसला? सगळ्या सिनेमांत एकच माणूस असतो. तो अनवाणी फिरतो, मित्राला दगा देतो, सगळ्यांवर ओरडतो, आणि काचेवर काहीतरी लिहितो. आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या बैठका घेतो, त्या कोण दाखवणार?” कुणीतरी मागून म्हणालं, “दाखवल्या तर तिकीट तू काढशील का?” हशा झाला. एक बाई म्हणाली, ह्या सिनेमांतल्या बायकांना तीनच कामं: रडणं, सोडून जाणं आणि मरणं. मी टाळ्या वाजवल्या. मग आमची मर्ना उठली. (हिला कुणी बोलावलं होतं?) म्हणाली, “पण खरं सांगू का, दुःख झाल्याशिवाय माणूस मोठा होत नाही. आई मेली म्हणून तर तो एवढा झाला. आई जिवंत असती तर कुठल्या तरी दुकानात मोजे विकत बसला असता.”

आणि लोकांनी माना डोलावल्या! ताई, मी तिथे हिरवा कोट घालून बसले होते आणि लोक माना डोलावत होते! माझ्या मनात चर्र झालं. कारण मला ते पटलं. मला वाटलं, मी मधे मधे होते, दर तासाला फोन करत होते, स्वेटर स्वेटर करत होते, तरी पोराने नाव काढलं. मी नसते तर त्याने आणखी काय काय केलं असतं! सिनेमात त्याने ते करून दाखवलं होतं. मला रडू फुटेल अशी भीती वाटली, म्हणून मी मान खाली घातली आणि सवयीने फोन काढून बघितला.

त्याचा ठिपका दिसत होता. अगदी माझ्या ठिपक्यावर, एकावर एक. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग मागे वळून बघितलं तर कॉफीच्या पिंपाशी, टोपी डोळ्यांवर ओढून, नेल्सन उभा. अंगात स्वेटर होता.

मी तिथूनच ओरडले, “नेल्सन, तू मला का मारलंस?” (बहिरा मॅन्युएलही उठून बसला असता.) हॉलिस मास्तरांच्या हातातली घंटा खाली पडली. पोरगा पुढे आला, चेहरा अस्सा उतरलेला, लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसा. म्हणाला, “आई, त्यांनी मला विचारलं, आई कशी होती? मी सांगितलं, चांगली आहे, जिवंत आहे, रोज फोन करते. ते म्हणाले, असली आई सिनेमाला चालत नाही. एक तर दुष्ट पाहिजे, नाही तर मेलेली पाहिजे. दोन्हींतलं एक सांगा. मी काय करू? तुला दुष्ट केलं असतं तर लोकांनी आपल्या खिडक्यांवर दगड मारले असते. मेलेल्या बाईसाठी निदान रडतात तरी.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तू दुष्ट व्हायला तयार झाली असतीस,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत पडद्यावर राहायला मिळतं म्हणून.”

खरं सांगू, झाले असते. आनंदाने झाले असते. त्याला खडसावून विचारलं, मग घरी का आला नाहीस? तर म्हणाला, भीती वाटली. तू दार उघडशील आणि काय बोलशील, ह्याची भीती. ठिपका का घालवलास? तर म्हणे, रोज संध्याकाळी गाडी घेऊन आपल्याच गल्लीत येऊन थांबायचो, आणि ते तुला दिसलं असतं. बघ आता! मी पुढच्या दाराशी घाबरून सॉसेज खाते आहे आणि हा कोपऱ्यावर गाडीत घाबरून बसला आहे. आम्ही दोघं एकाच रक्ताचे, हे तरी सिनेमात दाखवायचं. मी सगळ्यांसमोर त्याच्या एक कानाखाली ठेवली आणि मग त्याला पोटाशी धरलं. मर्ना पुन्हा रडली. हॉलिस मास्तरांनी सभा संपली म्हणून जाहीर केलं, पण कोण जिंकलं ते सांगायला विसरले.

तो माझ्याबरोबर घरी आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी थबकले, तेव्हा त्याला कळलं. आत गेला, आणि ज्या जागी मी पडते तिथेच मांडी घालून बसला, एवढा मोठा माणूस, ज्याच्यावर सिनेमा निघतो. फरशीवर थापटी मारून म्हणाला, “ये. फरशी आहे नुसती. धूळ मात्र फार आहे.” माझ्या घरात धूळ! मी तरातरा आत गेले फडकं आणायला. मग तिथेच बसून आम्ही बरणीतला जर्दाळूचा मुरंबा पावाला लावून खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला. पीठ उद्या मळेन म्हणते, तो इथे असतानाच.

भावोजींना नमस्कार. पोरांना पापे. आता आयुष्य वाढलं म्हणतात माझं, तेव्हा काळजी नको.

तुझीच,
ओलिंडा (हयात)

ता. क. सिनेमा चांगला चालला म्हणून आता त्याची मालिका काढणार आहेत, भरपूर लांब. तिच्यात मला जिवंत करायला लावलं आहे नेल्सनने, आणि दुष्टही नाही. मी स्वतः त्यांच्याशी बोलले. फार सभ्य माणसं आहेत.

ता. क. दुसरा. पण ते म्हणाले, मग दुःख आणायचं कुठून? कुणीतरी पाहिजेच. पोराची एक लाडकी मावशी आहे असं कळलं, ती कशी आहे? मी सांगितलं, चांगली आहे. ते म्हणाले, चालणार नाही. ताई, मी सगळी दुपार विचार केला. तुला दुष्ट म्हणून दाखवलेलं मला बघवलं नसतं. पाकिटात एक कागद घातला आहे, त्यावर सही करून उलट टपाली पाठव. फार काही नाही, तुला एक गाय लाथ मारते. लोक फार रडतील असं ते म्हणाले.

ता. क. तिसरा. पत्र बंद करता करता तुझा ठिपका बघितला (नाक मुरडत का होईना, फोनवर ठेवला आहेस तो). तू गोठ्यात काय करते आहेस? पत्र मिळायची वाट बघू नकोस, मी फोन करते आहे, तो आधी उचल. आणि आधी त्या गायीच्या मागून बाजूला हो!