तळमजल्याचे पैसे

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर वेडंवाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. आनंदाच्या भरात घाईघाईने लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, तेव्हा तुझं लाल पेन जरा बाजूला ठेव आणि आधी शेवटपर्यंत वाच.

तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांबद्दल तुला मागे लिहिलं होतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण म्हातारपणी मला मात्र चढ-उतार नसलेलं घर हवं होतं. वर्कशॉप विकून पैसे उभे केले. पण शेवटचा हप्ता इमारत पूर्ण झाल्यावर द्यायचा होता, आणि ती कधी पूर्ण होणार हे बिल्डरलाच ठाऊक नव्हतं. म्हणाला, "काका, दोन महिने लागतील, कदाचित सहा. पण मी सांगितलं की आठवड्याच्या आत भरा, नाहीतर घर दुसऱ्याला." झोपच उडाली माझी. हे पैसे गेले तर पुन्हा कमवायला आयुष्य कुठून आणू?

शेजारचा चष्मेवाला म्हणाला, शेअर घ्या, वर्षात दुप्पट. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, म्हणून मी काही त्याचं ऐकलं नाही. मुदत ठेवीत टाकावेत तर मुदत कुठली सांगू? मध्येच मोडली की व्याज कापतात. शेवटी सूनबाईने मनी मार्केट फंड सुचवला. तिने भाजी निवडता निवडता समजावलं की हा फंड सरकारला, बँकांना, मोठ्या कंपन्यांना थोड्या महिन्यांसाठी पैसे देतो, त्यामुळे धोका कमी, बचत खात्यापेक्षा बहुधा थोडं जास्त मिळतं, आणि मागितले की कामाच्या एक-दोन दिवसांत खात्यात येतात. मी विचारलं, म्हणजे बुडणारच नाहीत? ती म्हणाली, "तशी हमी कुणी देत नाही, बाबा. पण थोड्या दिवसांसाठी ठेवायला हे बरं. दहा वर्षांनी लागणारे असते तर वेगळं काही सांगितलं असतं."

ती 'हमी नाही' म्हणाली म्हणूनच माझा विश्वास बसला. तरी स्वभाव कुठे जातो! लिफ्ट बसवली की आम्ही ती आधी रिकामी चालवायचो, मग थोडं वजन, मग पूर्ण वजन. फंडाचीही तशीच चाचणी घेतली. थोडे टाकले, काढले. आले. मग सगळे टाकले आणि महिन्याभराने, कुणाला न विचारता, सगळेच्या सगळे काढायला सांगितले. नेमकी पुढे जोडून सुट्टी! पैसे ना फंडात दिसेनात, ना खात्यात. मी बंद बँकेच्या पायरीवर जाऊन बसलो. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, आत माणूसच नाही, कुणाची वाट बघताय?" सुट्टी संपली आणि रक्कम आली, वर थोडी भरही. सूनबाईने कपाळावर हात मारला. "बाबा, लिफ्टसारखं पुन्हापुन्हा बटण दाबून काय होणार? आता ते परत ठेवा आणि गप्प बसा." ठेवले. पण गप्प कसला बसतोय! एका सकाळी फंडातल्या रकमेचा आकडा केसाएवढा खाली आला, तर मी तिला ऑफिसात फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आपोआप वर.

आणि मंगळवारी बिल्डरचा निरोप आला! त्याच दुपारी पैसे काढायला सांगितले, दोन दिवसांत खात्यात, आणि काल हप्ता भरून मोकळा झालो. किल्ली खिशात आहे. रस्त्याने तीनदा चाचपून पाहिली. खोल्या रिकाम्या आहेत, बोललं की आवाज घुमतो. मी एकटाच मोठ्याने बोलून आलो.

काय बोललो ते आता लिहितो, नाहीतर पुन्हा राहून जाईल. तुझ्या भाचीकडे तू दिवाणखान्यात झोपतेस, टीव्ही बंद होईपर्यंत तुला पाठ टेकता येत नाही, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून मी एका नव्हे, दोन खोल्यांच्या मागे लागलो. दुसरी तुझी. बायको गेल्यापासून माझ्याशी नीट भांडणारंही कुणी नाही. सूनबाईला सांगितलं, ती हसली आणि पडद्यांची मापं घेऊन गेली. लोक काय म्हणतील याची धास्ती मला आहेच, पण तू नाही म्हणशील याची त्याहून मोठी. हप्ता देऊन जी वाढ उरली, तिच्यातून तुझं येण्याचं तिकीट काढलंय, सोबत जोडलं आहे. परतीचं काढलेलं नाही. मात्र तुला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून परतीच्या तिकिटापुरते पैसे फंडातच ठेवलेत. सांगशील तेव्हा निघतील. सांगू नकोस.

तुझाच,
लिफ्टवाला