तटस्थ यांचे तीन तारे

२ एप्रिल, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. पत्रकाराला निदान स्वतःशी तरी खरं बोलता यावं, म्हणून. माझं अक्षर बायकोला लागत नाही, तेव्हा कपाटाला कुलूप नको.

संध्याकाळच्या पत्रकारितेच्या वर्गाचा दुसरा महिना. वय चव्वेचाळीस. दिवसा वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. काटा मध्यावर आहे की नाही, हे बघण्यात वीस वर्षं गेली. मॅडम म्हणतात पत्रकाराला निष्पक्षपणा शिकावा लागतो. मला तो पगारातच मिळाला आहे.

या महिन्याचं काम: ऑनलाइन लिखाणाचे चार प्रकार वाचायचे आणि प्रत्येकावर प्रतिसाद लिहायचा. मथळा, यादी, प्रतिक्रिया, परीक्षण. महिन्यातलं सर्वांत चांगलं लिखाण मॅडमच्या वर्तमानपत्राच्या साइटवर येणार. नावासकट. म्हणजे बायलाइन!

ठरलं. या महिन्यात माझी बायलाइन.

३ एप्रिल, मंगळवार
मथळा: ‘ही एक चूक तुम्हीही रोज सकाळी करता!’ वाचला. चूक कळायला बुटांच्या आणि कर्जाच्या जाहिराती ओलांडत खूप खाली जावं लागलं. दात घासल्यावर लगेच चूळ भरणं, ही ती चूक. आधार काय? दिलेला नाही. संपादकांना ईमेल करून आधार मागितला. लगेच उत्तर आलं: ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार.’

अर्थात न तपासता एखादी गोष्ट खोटी ठरवणं हाही पूर्वग्रहच. म्हणून आज चूळ भरली नाही. कारखान्यात दिवसभर कुणी जवळ येऊन बोललं नाही.

५ एप्रिल, गुरुवार
माझा प्रतिसाद चार पानी झाला. मॅडमनी विचारलं, मथळा एक ओळीचा आणि तुमचं उत्तर चार पानांचं, वाचक दोन्हीतलं काय वाचेल? मी म्हटलं, उत्तर. वर्ग हसला. माझा आत्मविश्वास त्यांना आवडलेला दिसतो.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते, वीसएक वर्षांची. मला काका म्हणते. मी तिला समजावलं की आपण सहाध्यायी आहोत, नातं व्यावसायिक ठेवावं. ती म्हणाली, बरं काका.

६ एप्रिल, शुक्रवार
यादी: ‘चाळिशीनंतर सोडून द्याव्यात अशा सात सवयी.’ पाचवी सवय, घरच्यांना न मागता सल्ले देणं. ही मला लागू होत नाही. का होत नाही, ते बायकोला आणि लेकीला जेवताना नीट समजावून सांगितलं. ताटं वाळली.

८ एप्रिल, रविवार
प्रतिक्रिया. निश्चय: फक्त निरीक्षण, वादात पडायचं नाही. ओले टॉवेल कुठे वाळवावेत या लेखाखालच्या प्रतिक्रिया निवडल्या. विषय सौम्य म्हणून.

दुपारपर्यंत ‘वादळ’ नावाच्या गृहस्थानं मला विकला गेलेला म्हटलं. कुणाला विकला गेलो, असं मी सभ्यपणे विचारलं. तो म्हणाला, सावलीवाल्यांना. मी सावलीच्या बाजूचा नाही! मी फक्त उन्हानं रंग उडतो का, एवढंच विचारलं होतं. सतरा वेळा.

जेवण उशिरा झालं. बायकोच्या केकच्या ऑर्डरी होत्या. आमच्या ओव्हनचं दार नीट लागत नाही. ते स्टुलानं दाबून धरावं लागतं आणि स्टूल सरकू नये म्हणून त्यावर लेक बसते. भौतिकशास्त्राचा सगळा अभ्यास तिनं त्या स्टुलावर केला आहे. पाठीला ऊब मिळते म्हणे.

बायको एकदम खुशीत होती. डोळ्यांच्या दवाखान्याचा वर्धापनदिन आहे, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी केक हवेत. ते काम पसंत पडलं तर वर्षभर तिथले सगळे वाढदिवस तिच्याकडे. मग नवा ओव्हन. दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई तिच्या पेजवरची परीक्षणं वाचून ठरवणार आहेत.

९ एप्रिल, सोमवार
चौथ्या प्रकारासाठी बायकोचं पेज वाचलं. एकूणएक परीक्षणांना पाच तारे! मेहुणीनं लिहिलंय, ‘अप्रतिम!!! ताई तू ग्रेट!!!’ सासूबाईंनी लिहिलंय, ‘केक छान. खोकला गेला का?’

हे कुणाला पटेल? मी वाचक असतो तर मला शंका आली असती. (मी वाचकच आहे. शंका आली.) दवाखान्याच्या बाईंनाही येईल. या पेजला एका खऱ्याखुऱ्या, मोजूनमापून लिहिलेल्या परीक्षणाची नितांत गरज आहे. ते मी लिहिणार. हे मी तिच्यासाठीच करतो आहे. बायलाइनचा विचार मनात आला होता, पण दुसऱ्या क्रमांकावर.

१२ एप्रिल, गुरुवार
अडचण: नवरा म्हणून लिहिलं तर पक्षपात. उपाय: टोपणनाव ‘तटस्थ’. केकही ग्राहकासारखाच मागवायला हवा. मागच्या बाकावरचीला तिच्या नावानं ऑर्डर द्यायला सांगितलं. तिनं विचारलं, काका, घरात विचारून घ्या ना एक तुकडा? नव्या पिढीला पद्धतशीरपणा ठाऊकच नाही.

१४ एप्रिल, शनिवार
योजना अचूक पार पडली.

सकाळी ती केक न्यायला घरी आली. मी अनोळखी चेहरा केला. डबा देताना बायको तिला काही सूचना देत होती. आतल्या माहितीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून मी कानात बोटं घातली. तरी ‘फ्रीज’ एवढं ऐकू आलंच. ते विसरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला.

कोपऱ्यावर तिनं डबा माझ्या हवाली केला. घरी नेणं शक्य नव्हतं. स्कूटरच्या डिकीत आडवा मावेना, तिरका बसवला. कारखान्यातली शेड भरली होती, स्कूटर उन्हात लावली. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून चाचणी घेतली. सोबत चमचा आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी.

निरीक्षणं: केक डावीकडे कललेला. वरचे क्रीमचे तिन्ही गुलाब एकाच कोपऱ्यात जमलेले. आतून प्रमाणाबाहेर ओला. वासात एक अनोळखी घटक, पेट्रोलच्या जवळचा. हे लिहावं का? खूप विचार केला. वाचकापासून काही लपवायचं नाही. लिहिणार.

चव मात्र फारच चांगली होती. पण चव हा व्यक्तिगत भाग झाला, त्याला पट्टी लागत नाही. वगळली.

१५ एप्रिल, रविवार
परीक्षण प्रसिद्ध केलं. माझ्या हिशेबानं साडेतीन तारे होत होते. पण बायकोचं पेज ज्या साइटवर आहे, तिथे अर्धा तारा देता येत नाही. तीन की चार? आमच्याकडे काट्याचा नियम आहे, शंका असेल तेव्हा खाली धरायचं. तीन दिले.

दुपारी बायकोनं ते मोठ्यानं वाचलं. ‘उजव्या बाजूची उंची डावीपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त’ या वाक्याला लेक तोंडात घास असताना उठून आत पळाली. ठसका लागला असावा. मग बायकोनं विचारलं, केकला पट्टी लावणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का हो? मी म्हटलं, जगात काळजीपूर्वक वागणारी माणसं पुष्कळ आहेत. माझ्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

तेवढ्यात दवाखान्याच्या बाईंचा फोन. त्यांनी पेट्रोलचं काय ते विचारलं. गुरुवारपर्यंत थांबते म्हणाल्या.

याचा अर्थ माझं लिखाण वाचलं जातं. तरी आज ताटातला भात तसाच ठेवून उठलो.

१६ एप्रिल, सोमवार
काढून टाकावं का? पत्रकार छापलेलं पुसत नाही. पण पत्रकाराची बायको ओव्हन घासत असताना तो काय करतो, हे मॅडमनी शिकवलेलं नाही.

सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा ती ऑर्डर गेली तर? बायको म्हणाली, तर काय, स्टूल आहे. आणि त्यावर बसायला लेक आहे अजून दोन वर्षं. मग कॉलेजला गेली की तुम्ही बसा.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल, मंगळवार
मार्ग सापडला. दुसरं परीक्षण लिहिलं, स्वतःच्या नावानं, पाच तारे. यावेळी चवीबद्दल लिहिलं. शेवटी संपूर्ण खुलासा केला: ‘मी या बाईंचा एकोणीस वर्षं नवरा आहे. केक सारखा करताना कापलेल्या कडा मला फुकट मिळतात.’

साइटनं तत्काळ काढून टाकलं. मालकाशी नातं असलेल्यांचं परीक्षण चालत नाही. सासूबाईंचं तसंच आहे, कारण त्यांनी खुलासा केलेला नाही. प्रामाणिकपणाला हे फळ!

मग तटस्थचं काढायला गेलो. पासवर्ड लागतो. तो मी असा ठेवला होता की कुणालाही ओळखता येऊ नये. मलाही येईना. दरम्यान साइटनं त्या परीक्षणाला ‘सविस्तर आणि उपयुक्त’ असा शिक्का देऊन सगळ्यांत वर नेऊन बसवलं आहे.

एरवी मला आनंद झाला असता. थोडा झालाच.

१९ एप्रिल, गुरुवार
वर्गात मॅडम म्हणाल्या, आज बनावट परीक्षण ओळखायला शिकू. पडद्यावर नमुना लावला. माझा.

मुलं तुटून पडली. एक म्हणाला, समोरच्या बेकरीवाल्याचं काम आहे हे. दुसरा म्हणाला, पेट्रोल जरा अतीच झालं, खोटं बोलणाऱ्याला कुठे थांबावं कळत नाही. तिसरी म्हणाली, या माणसाला आयुष्यात कुणी प्रेमानं केक भरवलेला नाही. मला उभं राहून सांगावंसं वाटलं की भरवलाय. पण उठलो नाही. मागच्या बाकावरचीनं डोकं बाकावर टेकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडत असावी बिचारी.

मग मॅडमनी त्याखालचं विक्रेतीचं उत्तर दाखवलं. आज दुपारीच आलं होतं.

‘तटस्थ साहेब, तुमच्या पट्टीबद्दल आदर आहे. केक आमच्याकडून सरळ उभा निघाला होता. स्कूटरच्या डिकीत दिवसभर उन्हात ठेवला तर माणूससुद्धा डावीकडे कलेल आणि त्याला पेट्रोलचा वास येईल. पुढच्या वेळी असं चोरून खाऊ नका, घरी या, ताटलीत वाढते. कडा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.’

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, थोडक्यात, नेमकं, आणि समोरच्याला न दुखावता. महिन्यातलं सर्वांत चांगलं लिखाण हेच. वर्गाबाहेरचं असलं म्हणून काय झालं? वर्तमानपत्राच्या साइटवर हेच जाणार. नावासकट.

मी हात वर करून विचारलं की डिकीचं विक्रेतीला कसं कळलं, याचा स्रोत काय? सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघू लागला. सुटल्यावर मागच्या बाकावरचीला गाठलं, फितूर झालीस का म्हणून. ती म्हणाली, आईशपथ नाही काका, पण पार्किंगमध्ये जाऊन बघा, गावातल्या सगळ्या मुंग्या तुमच्या डिकीत उतरल्यात.

२० एप्रिल, शुक्रवार
दवाखान्याच्या बाईंनी ऑर्डर पक्की केली. ते उत्तर वाचून त्या इतक्या हसल्या की एका पेशंटची तपासणी थांबली, असं बायको सांगत होती. अशा बाईचा केक खायलाच हवा म्हणाल्या.

म्हणजे मूळ परीक्षण नसतं तर उत्तर नसतं, आणि उत्तर नसतं तर ऑर्डर नसती. हा मुद्दा मी मांडला. बायको म्हणाली, हो ना, आणि मुंग्यांचेही आभार माना.

डिकी पुसली. दोनदा.

२३ एप्रिल, सोमवार
घरात बायलाइन आली. बायकोची. सासूबाईंनी खाली लिहिलंय, ‘छान. तटस्थ कोण? जावईबापूंना विचार.’

२६ एप्रिल, गुरुवार
मॅडमनी बायकोला वर्गात पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी पहिल्या बाकावर. तिनं सांगितलं, लिहिताना फक्त समोरचं एक माणूस डोळ्यांपुढे ठेवायचं, बाकी काही लागत नाही. आणि माझ्याकडे बघितलं. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही.

प्रश्न विचारा म्हणाली. मी विचारला, चांगला पाच मिनिटांचा. ती म्हणाली, विषय चांगला आहे, पण प्रश्न आतून प्रमाणाबाहेर ओला झालाय. वर्ग बाकं बडवत होता.

२९ एप्रिल, रविवार
दवाखान्याचे केक मी पोचवले. टॅक्सीनं, मांडीवर, श्वास रोखून. एकही कलला नाही. देताना बाईंना केकबद्दल वस्तुनिष्ठ माहिती दिली. सजावट, उंची, कडा. त्या मधूनमधून घड्याळ बघत होत्या. वेळ टिपून घ्यायची सवय असावी.

नवा ओव्हन मंगळवारी येणार. लेकीनं स्टूल बाल्कनीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली. बायकोनं पेज नवीन केलं आहे. सगळ्यांत खाली ओळ आहे: ‘घरपोच सेवा: तटस्थ. (उन्हात ठेवत नाहीत.)’

माझी पहिली बायलाइन. मी म्हटलं होतं, याच महिन्यात.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाईंचं परीक्षण आलं. केकला पाच तारे. घेऊन येणारे गृहस्थ सज्जन आहेत पण फार बोलतात, त्यांना तीन.

साडेतीन द्यायचे असतील त्यांना. साइटवर अर्धा देता येत नाही. शंका असली की खाली धरतात.